बुडालेल्या बँकेच्या माडीवरून

टोरांटो

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नवं ऑफिस एका बुडालेल्या बँकेच्या जुन्या इमारतीत आहे, ही बातमी फोनवर दिली तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न, "कुठली बँक? आणि बुडाली कशानं?" आईचा प्रश्न, जिने किती चढावे लागतात. आईचं उत्तर सोपं आहे, एकच जिना. बाबांचं उत्तर फोनवर मावण्यातलं नाही, म्हणून निवांत बसून लिहितेय.

बँकेचं नाव बँक ऑफ अप्पर कॅनडा. अप्पर कॅनडा हे आताच्या आँटारिओ प्रांताचं जुनं नाव. टोरांटोला तेव्हा यॉर्क म्हणायचे. छोटंसं, चिखलाच्या रस्त्यांचं गाव. बँकेची सनद खरं तर किंग्स्टन या दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्यांनी आधी मागितली होती. पण प्रांताची राजधानी यॉर्कला, राज्यपालाच्या ओळखीची माणसं यॉर्कला, त्यामुळे सनदही यॉर्कला मिळाली. १८२२ मध्ये विल्यम ॲलन नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात बँक उघडली. ॲलन स्वतःच अध्यक्ष. शिवाय गावचा पोस्टमास्तर तोच आणि जकात गोळा करणाराही तोच! संचालकांतले बरेच जण सरकारी पदांवर, आणि भांडवलात सरकारचाही हिस्सा. बाबा, तुम्ही आता गालातल्या गालात हसत असणार. आपल्याकडच्या संचालक मंडळांच्या कितीतरी गोष्टी तुम्ही जेवताना सांगितल्या आहेत.

आमची इमारत १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. ॲडलेड आणि जॉर्ज या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. आराखडा विल्यम बाल्डविन यांचा, असं मानतात. हे गृहस्थ डॉक्टर, वकील आणि हौसेनं वास्तुरचनाकारही. दर्शनी बाजू घडीव दगडाची, आणि दारापुढे खांबांची देवडी आहे, ती पुढे १८४०च्या दशकात जॉन हॉवर्ड यांनी जोडली. गावात तेव्हा बहुतेक घरं लाकडी. त्यांच्यामध्ये हा दगडी वाडा उभा करण्यामागे हिशेब होता. कागदाची नोट हातात घेणाऱ्या शेतकऱ्यानं इमारतीकडे बघावं आणि गप्प बसावं.

सगळे मात्र गप्प बसले नाहीत. विल्यम मॅकेन्झी नावाचा एक पत्रकार आपल्या पेपरातून या बँकेवर आणि तिच्यामागच्या मूठभर घराण्यांवर तुटून पडायचा. १८२६ मध्ये त्या घराण्यांतल्या पोरांनी त्याच्या छापखान्यात घुसून छपाईचे खिळे तळ्यात फेकले. त्यानं खटला भरून भरपाई वसूल केली आणि पेपर चालूच ठेवला. १८३४ मध्ये तो टोरांटोचा पहिला महापौर झाला. १८३७ च्या मंदीत त्यानं शेतकऱ्यांना सांगितलं, नोटा घेऊन बँकेत जा आणि सोनं-चांदी मागा. त्याच डिसेंबरात त्यानं उघड बंड केलं, तेव्हा बंडखोर यंग स्ट्रीटवरून शहरात घुसतील म्हणून बँकेवर पहारा बसला. बंड काही दिवसांतच मोडलं, मॅकेन्झी अमेरिकेत पळाला, बँक टिकली. इथपर्यंत ती चिवट होती. पक्षपाती असेल, पण कर्ज जपून द्यायची.

बुडायला सुरुवात झाली ती भरभराटीत. १८५० मध्ये सरकारचं सगळं खातं या बँकेकडे आलं. मग रेल्वेचं वेड. ग्रँड ट्रंक रेल्वेला पैसा कमी पडला की सरकारनं डोळा मारायचा आणि बँकेनं उचल द्यायची. ही रक्कम शेवटी कोणी फेडायची, रेल्वेनं की सरकारनं, यावरच पुढे वर्षानुवर्षं वाद. दुसरीकडे जमिनींचे भाव चढत होते आणि बँक जमीन तारण घेऊन कर्ज वाटत होती. १८५७ मध्ये भाव कोसळले. कर्जदार हात वर करून मोकळे झाले, आणि बँकेच्या गळ्यात पडल्या कोणी विकत न घेणाऱ्या जमिनी. १८६४ मध्ये सरकारनं आपलं खातं बँक ऑफ माँट्रिऑलकडे नेलं. ज्यांच्या शब्दावर उचल दिली तेच आधी निघून गेले. सप्टेंबर १८६६ मध्ये व्यवहार थांबले. बाबा, एक खुलासा मुद्दाम करते, कारण तुम्ही विचारणारच. शेवटचं टाळं लागलं ते या इमारतीला नव्हे. मुख्य कचेरी काही वर्षं आधीच यंग स्ट्रीटला हलली होती.

आणि काळ बघा. त्याच सुमारास आपल्या मुंबईत कापसाच्या पैशानं शेअरचं वेड लागलं, १८६५ मध्ये फुगा फुटला आणि जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तिकडे बॅक बेचा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीचे शेअर, इकडे रेल्वे आणि जमिनी. तारणाचं मूल्यांकन कोणी केलं, हा तुमचा लाडका प्रश्न दोन्हीकडे विचारता आला असता.

बँकेनंतर इमारतीत ख्रिस्ती धर्मबंधूंची दे ला साल शाळा आली आणि वाढत वाढत शेजारच्या पोस्टापर्यंत गेली. विसाव्या शतकात शेतकऱ्यांच्या सहकारी कंपनीची कचेरी होती (सहकाराला हसू नका, बाबा). मग नुसती पडून राहिली. १९७८ मध्ये आग लागली आणि छप्पर गेलं. अशा वेळी काय होतं ते आपण जाणतो, जागा मोक्याची असली की आगीनंतर टॉवरच उभा राहतो. इथे गॉडफ्री नावाच्या दांपत्यानं जळकी इमारत विकत घेतली, जुने कागद धुंडाळले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती दुरुस्त करून ऑफिसांना भाड्यानं दिली. मला या गोष्टीत ॲलनपेक्षा हे दोघे मोठे वाटतात. ऑफिसांचं भाडं येतं म्हणून दगड शाबूत आहेत. संग्रहालय केलं असतं तर दरवर्षी अनुदानासाठी हात पसरावे लागले असते.

आई, तालुक्याच्या शाखेवरची आपली माडी आठवते ना? काउंटरवर कुकरच्या शिट्ट्या ऐकू जातात म्हणून तू बँक उघडायच्या आत वरण शिजवून घ्यायचीस. इथे दुपारी डबा उघडला की तेच वाटतं, फोडणीचा वास खाली जायला नको.

हे पत्र शेजारच्या पोस्टातूनच टाकतेय. ते १८३०च्या दशकातलं, मधली बरीच वर्षं बंद होतं, १९८०च्या दशकात पुन्हा सुरू झालं. १८३७ च्या बंडानंतर तिथल्या पोस्टमास्तर जेम्स हॉवर्डला (देवडीवाले हॉवर्ड वेगळे) बंडखोरांबद्दल सहानुभूती असल्याच्या नुसत्या संशयावरून काढून टाकलं होतं. पाकिटावरचा शिक्का नीट बघा आणि पाकीट फेकू नका.

जुनी नाणी विकणाऱ्याकडून बाबांसाठी या बँकेची तांब्याची एक पेनी घेतली आहे, १८५४ ची. पोस्टानं पाठवत नाही, दिवाळीत येताना आणते. तिच्यावर सेंट जॉर्ज घोड्यावर बसून राक्षसी सापाला मारतोय. आई, हा खंडोबा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. देवघरात ठेवायचा नाही.

तुमची,
धाकटी