चार्जरच्या पिनचे मापही लेबलवर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुना लॅपटॉप हाती आला की तो चालतो की नाही हे पाहण्याआधीच घोडे अडते ते चार्जरपाशी. मूळ चार्जर हरवलेला असतो, बॅटरी साफ उतरलेली असते आणि केवळ वीज न मिळाल्यामुळे धडधाकट यंत्र भंगारात जाते. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र.

लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या लेबलवर बहुधा व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, उदाहरणार्थ १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. यातले व्होल्टेज जुळायलाच हवे. अँपिअर मात्र चार्जरवर जास्त असले तरी बिघडत नाही, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच करंट घेतो. १९ आणि १९.५ व्होल्टमधला फरक सहसा चालून जातो. परंतु अनेक पिनांच्या युनिव्हर्सल चार्जरची कळ २० व्होल्टवर राहिली आणि तो १६ व्होल्टच्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपला जोडला गेला, तर चाचणीच्या नादात चांगला बोर्ड जळू शकतो.

खरी पंचाईत पिनची, म्हणजे चार्जरच्या वायरच्या टोकाला असलेल्या गोल प्लगची आहे, कारण तिचे माप लेबलवर सहसा नसतेच. बाहेरून ५.५ मिलिमीटर असलेल्या दोन पिना शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, पण एकीचे आतले छिद्र २.१ आणि दुसरीचे २.५ मिलिमीटर असते. पहिली २.५ च्या सॉकेटमध्ये शिरत नाही, दुसरी २.१ च्या सॉकेटमध्ये शिरते खरी, पण ढिली राहते, ठिणग्या उडतात आणि सॉकेट तापते. डेलच्या अनेक लॅपटॉपांत तर पिनच्या मधोमध असलेल्या बारीक काडीतून चार्जरची ओळख पटवली जाते. ती न पटल्यास लॅपटॉप सुरू होतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि संथ चालतो. हे ठाऊक नसलेला माणूस दोष बॅटरीच्या माथी मारतो.

ज्यांच्याकडे बेंच पॉवर सप्लाय, म्हणजे व्होल्टेज आणि करंटची मर्यादा ठरवता येणारे टेबलावरचे वीजपुरवठ्याचे यंत्र आहे, त्यांनी बॅटरी काढून, पोलॅरिटी (पिनच्या आत-बाहेर धन कुठे आणि ऋण कुठे) मल्टिमीटरने तपासून, लेबलवरचे व्होल्टेज आणि सुमारे एक अँपिअरची मर्यादा ठेवून सुरुवात करावी. जोडताक्षणी करंट मर्यादेला टेकला आणि व्होल्टेज कोसळले, तर आत शॉर्ट आहे असे समजावे. करंट नगण्य राहून बटण दाबल्यावर चढू लागला, तर यंत्रात जीव आहे आणि त्याच्यासाठी योग्य चार्जर शोधण्याचे कष्ट घ्यायला हरकत नाही.

यूएसबी-सी या सामाईक चार्जिंग सॉकेटमुळे पुढचा प्रश्न बराच हलका होईल. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विक्रीस येणाऱ्या नव्या लॅपटॉपांना ते बंधनकारक केले आहे. परंतु आधीच्या असंख्य लॅपटॉपांना त्याचा उपयोग नाही, आणि गोल पिन अजून पुरती हद्दपारही झालेली नाही. म्हणून उत्पादकांनी चार्जरवर आणि लॅपटॉपच्या सॉकेटशेजारी व्होल्टेज, अँपिअर व पोलॅरिटीच्या जोडीला पिनचा आतला-बाहेरचा व्यास छापावा, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही त्याची ही माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला नम्र,
एक वाचक