आधी आवाज ऐका, मग सुटे भाग बदला

महोदय,

पावसाळा सरला की खड्ड्यांनी पिचलेल्या गाड्यांची वर्कशॉपबाहेर रांग लागते आणि ‘खालून आवाज येतोय’ एवढ्या एका वाक्यावर हजारोंचे बिल होते. माझ्या दहा वर्षे जुन्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करताच खालून पत्रा थरथरल्यासारखा आवाज येई आणि ॲक्सिलरेटर दिला की विरून जाई. मी गाडी वर्कशॉपला दिली. जॉबकार्डवर ‘सस्पेन्शन नॉइज’, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचा आवाज, असे लिहिले गेले, त्या यंत्रणेतले जोडदांडे म्हणजे दोन्ही लिंक रॉड आणि पुढचे शॉकअब्सॉर्बर बदलले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आवाज हजर!

जागेवर उभ्या असलेल्या गाडीतून येणारा आवाज सस्पेन्शनचा कसा असेल, हा साधा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. खरे तर मलाही नाही. शेवटी हमरस्त्यालगतच्या एका मेस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली आणि थंड सायलेन्सरवर मूठ आपटली, तसा वरचा पत्रा खणखणला. सायलेन्सरच्या उष्णतेपासून गाडीच्या तळाला जपणाऱ्या त्या पत्र्याचे बोल्टभोवतीचे भोक गंजून मोठे झाले होते. त्याभोवती होज क्लिप (स्क्रूने आवळायची धातूची पट्टी) आवळली, दहा मिनिटांत काम झाले.

आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, याला निदानात अधिक महत्त्व आहे. गतिरोधकावरून सावकाश जाताना टकटक होत असेल, तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मच्या (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याच्या) रबरी बुशवर संशय घ्यावा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकट होत असेल, तर बहुधा चाकाला फिरवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा रबरी बूट (आवरण) फाटून आतले ग्रीस उडालेले असते आणि जॉइंट झिजलेला असतो. वेगाबरोबर चढत जाणारी आणि वळणावर कमीजास्त होणारी घरघर व्हील बेअरिंगची असू शकते. मात्र वेडेवाकडे झिजलेले टायरही अगदी तसेच गुंजतात, म्हणून आधी पुढचे टायर मागे टाकून पाहावेत. लोअर आर्मचा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) किंवा बेअरिंग सैल झाल्याची शंका असेल, तर चालढकल करू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

वर्कशॉपचालकांकडून अपेक्षा फार नाहीत. खर्चाचा अंदाज देण्यापूर्वी मालकाला शेजारी बसवून एक चक्कर मारावी, आवाज कोणत्या परिस्थितीत येतो हे त्याच्याच शब्दांत जॉबकार्डवर लिहावे आणि काढलेले भाग न मागता परत द्यावेत. मला माझे लिंक रॉड मिळाले ते तिसऱ्यांदा मागितल्यावर. घरी आणून त्यांच्या दोन्ही टोकांचे बॉल हाताने फिरवून पाहिले. चारही इतके घट्ट, म्हणजे न झिजलेले होते, की फिरवायला जोर लावावा लागला.

– एक वाहनधारक, सातारा