न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सहून पत्र: घरमालक आजोबांचा सिनेमा, सोनूचा साखरपुडा आणि बाकीचं

ती. आई-बाबा,
सा. न.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर जेवलास का, झोपलास का यातच वेळ जातो आणि बाबांच्या हातात फोन गेला की लगेच "बरं, ठेवतो" होतं, म्हणून लिहून पाठवतोय. सोनूला प्रिंट काढायला सांगा, बाबांनी मोबाईलवर डोळे ताणू नका.

मी ठणठणीत आहे. व्हिडिओ कॉलवर बारीक दिसतो ते कॅमेऱ्यामुळे. डबा चांगला मिळतो, पोळ्या असतात, थंडी अजून सुरू व्हायचीय आणि जाड जॅकेट आहे. आणि आत्या जे म्हणते ना की तिकडे पोरगं एकटं पडलंय, तसं अजिबात नाहीये. वरच्या मजल्यावर घरमालक आजोबा आहेत, रिटायर्ड, रविवारी हाक मारतात, मी वर जातो, ते कॉफी करतात आणि आम्ही बेसबॉल बघतो. तुम्ही उगाच काळजी करता.

तर याच आजोबांनी मला एक जुना सिनेमा दाखवला आणि तो काही डोक्यातून जात नाहीये. 'बँग द ड्रम स्लोली', १९७३ चा. रॉबर्ट डी नीरो आहे त्यात, तेव्हा तो कोणाला फारसा माहीतही नव्हता. न्यूयॉर्कची एक काल्पनिक टीम असते, त्यात हेन्री नावाचा स्टार पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि ब्रूस नावाचा साधासा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा मागे बसणारा. डी नीरो झालाय ब्रूस. खेड्यातला, जॉर्जियाचा, तोंडात तंबाखू, बोलायला मंद, टीममधले सगळे त्याची टर उडवतात. त्याला हॉजकिन्स होतो, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर, तो वाचणार नसतो, आणि हे टीममध्ये फक्त हेन्रीला माहीत असतं. टीमला कळलं तर ब्रूसला काढून टाकतील, म्हणून हेन्री काय करतो, तर आपल्या करारात अट घालून घेतो, ठेवायचं तर आम्हा दोघांना ठेवा, काढायचं तर दोघांना काढा. स्वतःचे पैसे कमी करून घेतो त्यासाठी. मॅनेजर बिचारा हैराण, यांच्यात एवढं काय शिजतंय म्हणून मागे डिटेक्टिव्ह लावतो. (त्या मॅनेजरच्या कामाला, व्हिन्सेंट गार्डेनियाला, ऑस्करचं नॉमिनेशन होतं.)

बाबा म्हणतील हा तर आपला 'आनंद' झाला. मला पण आधी तसंच वाटलं. पण आनंदवर जीव लावणं सोपं होतं हो, तो बोलतो किती गोड, सगळ्या चाळीला लळा लावेल. ब्रूस तसा नाहीये. त्याला बोलता येत नाही, विनोद कळत नाही, कोणाच्या लक्षातही राहू नये असा माणूस. आणि हेन्री काही त्याचा जिवलग वगैरे नसतो, नुसता रूममेट. तरी तो उभा राहतो त्याच्यामागे. मला वाटतं एवढ्या वर्षांनी पण लोक हा सिनेमा बघून रडतात ते यामुळे. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळणार नाही त्याच्यासाठी कोणीतरी अडून बसतं, हे बघायला मिळत नाही कुठे.

एक सीन सांगतो. हेन्री आणि एक म्हातारा कोच हॉटेलच्या लॉबीत पत्ते खेळत बसतात, खेळाला नियमच नसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला गंडवायचं आणि पैसे काढायचे. ब्रूसला त्यात कधी घेत नाहीत, कारण त्याला गंडवणं जमणार नाही, मध्येच हसून वाट लावेल. मग त्याच्या आजाराचं हळूहळू बाहेर येतं आणि तोच कोच त्याला खेळायला बसवतो. ब्रूसचा चेहरा बघा तेव्हा, शाळेत पहिल्यांदा टीममध्ये घेतलेल्या पोरासारखा. आजोबा बरोबर इथे चष्मा काढतात. शेवटी शेवटी एक बॉल उंच जातो आणि ब्रूस तोंडावरचा मास्क काढून फेकतो आणि वर बघत बसतो आणि त्याला बॉल सापडतच नाही, सगळं स्लो मोशनमध्ये, तिथे मी पण चष्मा काढला.

आता इथली एक सवय सांगतो, नीट वाचा, मला समजायला अख्खा सीझन गेलाय. हे लोक मॅच बघताना हातात कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि प्रत्येक बॅट्समनचं काय झालं ते चौकोनात लिहितात. त्यात फिल्डरला नंबर असतात, जर्सीवरचे नाही हं, जागेचे. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३ (बेस म्हणजे बॅट्समनने धावत गाठायचे थांबे), सेकंड ४, थर्ड ५, आणि मग ६ पुढे आउटफिल्डमध्ये जायला पाहिजे ना, तर नाही, ६ म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप, मग ७, ८, ९ लांबचे. ६-४-३ लिहिलं की समजायचं बॉल शॉर्टस्टॉपने उचलला, सेकंडला दिला, त्याने फर्स्टला, दोघं आउट. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आउट, झाला तर के, आणि नुसता बघत उभा राहून आउट झाला तर के उलटा काढायचा! सोनू म्हणेल टीव्हीवर सगळं दिसतंच की. मी पण विचारलं. आजोबा म्हणाले, लिहिलं की लक्ष राहतं. बस, एवढंच उत्तर.

हे एवढं सांगितलं कारण मार्क हॅरिसची मूळ कादंबरी आहे, १९५६ ची, आजोबांनी वाचायला दिली. त्यात ब्रूस घरी जाताना हेन्रीला एकच मागतो, वर्ल्ड सिरीजचं स्कोअरकार्ड पाठव. हेन्री हो म्हणतो आणि पाठवायचं राहून जातं. इतकं केलेला माणूस, आणि एक पाकीट पोस्टात टाकायचं राहून जातं. तिथे पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसलो. आणि ब्रूसच्या मयतीला टीमकडून फुलं येतात पण माणूस कोणी येत नाही.

सिनेमाचं काही शूटिंग इथल्या शे स्टेडियममध्ये झालं होतं. ते २००९ ला पाडलं, आता तिथे शेजारच्या नव्या स्टेडियमचं पार्किंग आहे. पण जुन्या होम प्लेटची, म्हणजे बॅट्समन उभा राहायचा तिथली, बेसची, पिचर उभा राहायचा त्या जागेची खूण जमिनीत बसवलीय. ७ नंबरच्या ट्रेनने जाऊन बघून आलो.

बाबा, तुम्हाला मागच्या महिन्यात ॲडमिट केलं होतं हे मला संदीपकडून कळलं. "तुला टेन्शन नको म्हणून" हे आईचं मला पटलेलं नाही. सिनेमात लपवतात कारण ब्रूसला खेळायला मिळावं. मला न सांगून कोणाला काय मिळालं? मी लांब आहे म्हणून घरातला नाही असं होत नाही. एवढंच, रागावलेलो नाहीये.

साखरपुड्याला मी येत नाही म्हणून काकू काय बोलल्या ते कळलं. माझ्या हातात असतं तर आलो नसतो का? व्हिसा स्टँपिंगची तारीख मिळत नाही, आलो आणि तिकडेच अडकलो तर नोकरी जाईल आणि मग लग्नाचा खर्च कसा करायचा. लग्नाला नक्की येणार, रजा आत्ताच सांगून ठेवलीय. सोनूला सांगा रुसू नकोस, तिची पैठणी माझ्याकडून, तिनेच जाऊन पसंत करायची, किंमत बघायची नाही. दीड लाख पाठवलेत, त्यातून हॉलचा आणि केटररचा ॲडव्हान्स द्या, पावती घ्या, तोंडी व्यवहार नको. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दिवाळीनंतर करू, त्याचे वेगळे पाठवतो, बाबांनी एफडी मोडायची नाही.

कोल्हापूरच्या स्थळाचं आई रोज विचारते. बोललो मी त्या मुलीशी, चांगली आहे, पण तिला इकडे यायचं नाहीये, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. मी परत कधी येणार हे ती विचारत होती, मी सांगू शकलो नाही. त्यांना महिनाभर थांबायला सांगा, उगाच नाही म्हणू नका आणि हो पण म्हणू नका.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा, झाल्यावर नाही. रात्री-अपरात्री केला तरी चालेल, फोन उशाशीच असतो.

तुमचा,
बंड्या