धूर जुना झाला नाही, त्याला वारा समजणारा माणूस लागतो

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लढाईत सैन्य लपवायला सोडतात त्या धुराच्या पडद्यावर जे छापून आलं ते वाचलं. थर्मल कॅमेरे, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारे कॅमेरे, आले म्हणून धूर आता परेडपुरताच उरला असं त्यात लिहिलंय, ते मला काही पटलं नाही, अन् आमच्या गावात भरतीची तयारी करणारे पोट्टे तुमचाच पेपर वाचतात म्हणून लिहितो.

साधा धूर थर्मल कॅमेऱ्याला फारसा अडवत नाही हे खरं, पण धूरही बदलला ना. लाल फॉस्फरसचा धूर त्या कॅमेऱ्यालाही त्रास देतो, अन् टी-९० सारख्या रणगाड्यावर अशी सिस्टीम बसवता येते की शत्रूचा नेम धरणारा लेझर अंगावर पडला हे सेन्सरला कळलं की स्मोक ग्रेनेड आपोआप सुटतात. मग निरुपयोगी काहून म्हणता?

अन् अख्ख्या लेखात वाऱ्याचं नाव नाही! १७०१ मध्ये स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स रीगाजवळ ड्युना नदी ओलांडत होता, त्यानं ओलं गवत पेटवलं, वारा पलीकडच्या सॅक्सन (जर्मनीतल्या सॅक्सनीच्या) शत्रू फौजेकडे वाहत होता म्हणून सैन्य धुराआडून पार झालं. याच्या उलट २३ एप्रिल १९१८ ला बेल्जियमच्या झीब्रुग बंदरावर इंग्रजांनी रात्री हल्ला केला तर ऐन वेळी वारा फिरला, धूर उडून गेला अन् त्यांचं व्हिंडिक्टिव्ह जहाज बंदराच्या धक्क्यावरच्या तोफांसमोर उघडं पडलं, किती माणसं गेली. वेळही तशीच महत्त्वाची. हिवाळ्यात पहाटे पऱ्हाटी पेटवली तर धूर वावरावरच पसरून राहतो कारण रात्री जमीन अन् तिच्याजवळची हवा थंड पडते, वरची त्यापेक्षा गरम असते, अन् दुपारी जमीन तापली की तोच धूर सरळ वर जातो. म्हणून धूर सोडायला पहाट बरी, भर दुपार नाही.

सगळ्यात जास्त खटकलं ते लेखातले “निरुपद्रवी धूर” हे शब्द. हेक्साक्लोरोइथेन या रसायनाच्या जुन्या स्मोक पॉटमधून, म्हणजे धूर सोडणाऱ्या डब्यातून, झिंक क्लोराइड निघतं, बंद जागेत ते छातीत गेलं तर फुफ्फुसं खराब होतात, ट्रेनिंगमध्ये सैनिक दगावलेत त्यानं. धुरासाठीच वापरतात तो पांढरा फॉस्फरस कातडीवर पडला तर आत जळत जातो. तेवढी एक ओळ तरी पुढच्या पुरवणीत दुरुस्त करून छापा, ही विनंती.

एक शेतकरी वाचक,
ता. देवळी, जि. वर्धा