गजर लावून केलेला फोन

पारोळा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला तू माझा मोबाईल हातात घेतलास आणि त्यातला रविवार संध्याकाळी सातचा गजर पाहिलास. खाली मी लिहून ठेवलं होतं : 'ताईला फोन. जेवली का विचारणे. बाळाचे दात विचारणे. कंबर दुखते का विचारणे.' तू मला काही बोलली नाहीस. रात्री आईजवळ बोललीस, "आबा मला गजर लावून आठवतात." आपली मधली भिंत पातळ आहे. ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. म्हणून हे पत्र. बोलताना माझं वाक्य अर्ध्यावर सुटतं, लिहिताना सापडतं.

आधी भरताचं सांगतो. त्याच दिवशी आईने मळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. धूर आमच्याकडेच येत होता. तू डोळे मिटून म्हणालीस, "आबा, वास आला का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. अपघातापासून मला वास येतच नाही. नाकाच्या वर चाळणीसारखं बारीक भोकांचं हाड असतं, त्यातून वासाचे तंतू मेंदूकडे जातात. डोक्याला जबर हिसका बसला की ते तुटू शकतात. तिखट कळतं, मीठ कळतं, कळण्याची भाकरी हाताला गरम लागते. ताटात भरीत आहे हे मला पक्कं ठाऊक असतं. पण जे खाऊन माणूस दुसऱ्या भाकरीला हात घालतो, ते त्यात नसतं. मी दुसरी भाकरी घेतो, कारण पूर्वी घ्यायचो.

तीन वर्षांपूर्वी धुळ्याहून येताना रानडुक्कर आडवं आलं तेव्हा हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. शाळेत पोरांना हेल्मेटवर निबंध लिहायला लावणारा मास्तर मी! नऊ दिवस शुद्ध नव्हती. कवटी फुटली नाही म्हणून सगळे देवाचे आभार मानत होते. डॉक्टरांनी नंतर फोटो दाखवून समजावलं. कवटीचा आतला तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो, मेंदू त्याच्यावर आपटतो, घासतो. माझा कपाळामागचा भाग दोन्हीकडून ठेचला गेलाय. हिशेब, पाढे, गावातली सोयरीक सगळं शाबूत. भावना आवरायचं आणि त्यांचा अर्थ लावायचं पुष्कळसं काम मात्र त्याच भागाचं.

तुझी आजी गेली त्या दिवशीचं तू अजून विसरलेली नाहीस, ते बरोबरच आहे. मी पाणी पाजलं, मडकं फोडलं, सगळे विधी नीट केले. आणि सरण पेटल्यावर शेजारच्या माणसाला विचारलं, "कापूस काय भाव गेला?" बायकांत कोणीतरी म्हटलं, "माय मरनी, पोऱ्याना डोयामा टिपूसबी नही." तेही मी ऐकलं. मला कळत होतं की ही माझी माय आहे, हिने बोरीच्या काठाने अनवाणी मला शाळेत नेलंय. माहिती पूर्ण होती. पण छातीत जे दाटून यायला हवं, ते आलं नाही. आणि ते येत नाहीये हे कळून जी भीती वाटावी, तीही आली नाही. ती भीती तुझ्या आईच्या चेहऱ्यावर पाहिली, तेव्हा कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय.

आणि गंमत बघ, त्यानंतर महिन्याभराने बँकेत पासबुकावर नोंदी छापून घेताना मला हुंदका फुटला. थांबेचना. कॅशियर पाण्याचा ग्लास घेऊन धावला. बिचाऱ्याला वाटलं पीककर्जाचं काहीतरी असणार. आत दुःख शून्य. डॉक्टर म्हणाले, हेही त्याच जखमेचं. रडण्या-हसण्याची यंत्रणा मेंदूत खाली असते आणि वरून तिला ब्रेक असतो. तो ढिला झाला की कारणावाचून रडू येतं, कधी हसूही. त्यावर औषध आहे, ते चालू आहे. म्हणजे आईच्या सरणापुढे कोरडा आणि पासबुकापुढे धाय मोकलून. गावाने यातून काय समजायचं ते समजावं. राग तेवढा उरला, तोही पूर्वीपेक्षा लवकर येतो. तुझ्या आईने किती सोसलंय ते तिला विचारू नकोस, सांगणार नाही.

एक मात्र मनातून काढून टाक. तू मला परकी वाटत नाहीस. 1923 साली कापग्रा नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एका बाईची हकिगत लिहिली होती. तिला वाटे की आपला नवरा, आपली मुलगी खरी नाहीत, त्यांच्यासारखी दिसणारी तोतया माणसं आहेत. मेंदूला मार लागूनही असं होऊ शकतं. चेहरा ओळखण्याची वाट चालू असते आणि त्या चेहऱ्याबरोबर येणारी ऊब बंद पडते, असा त्याचा एक अर्थ लावतात. मग मेंदू ठरवतो, ऊब नाही म्हणजे माणूस खोटा. माझीही ऊब आटलीय, पण माझा मेंदू तसं म्हणत नाही. फाटकातून तू आत येतेस तेव्हा माझी पोर आली एवढं तो स्वच्छ सांगतो. पुढचं सांगत नाही.

भावना गेल्या की डोकं जास्त थंडपणे चालेल असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. गेल्या जूनमध्ये बियाण्याच्या दुकानात मी दोन पाकिटं हातात घेऊन दुपारभर उभा होतो. दोघांचे गुणदोष तोंडपाठ, पण एकही 'घ्यावंसं' वाटेना. शेवटी दुकानदारानेच एक पिशवीत टाकलं. अंतोनियो दामासिओ या मेंदूतज्ज्ञाने असाच एक रोगी सांगितलाय. भेटीच्या दोन तारखांपैकी एक निवडायची होती, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्हींची कारणंच देत बसला. बुद्धी शाबूत, पण पारडं झुकवणारं वजन गेलेलं.

तू गूगलवर वाचलेल्या त्या फिनिअस गेजचं घाबरून विचारत होतीस. 1848 साली सुरुंगाची पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली आणि मित्र म्हणू लागले, हा आता गेज राहिला नाही. इथवर सगळे सांगतात. पुढे त्याने चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकली, हे फारसं कोणी सांगत नाही. अवघड रस्ते, वेळापत्रक, उतारू, घोडे. रोज तेच काम, त्याच क्रमाने. त्याच्या आत काय होतं कोण जाणे, पण गाडी वेळेवर निघत होती.

माझा गजर तसाच आहे. पूर्वी तुझी आठवण आपोआप यायची, त्यात माझी काही कमाई नव्हती. आता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो. कंबरेचं तू दिवाळीत एकदाच बोलली होतीस. ते मी त्याच रात्री टिपून ठेवलं, कारण तुझा बाप हे विसरला नसता हे मला आठवत होतं.

आखाजीला ये. निंबाला झोका बांधायला सांगितलाय. तू आल्यावर माझा चेहरा बघू नकोस, सरळ आईकडे जा.

गजर काढलेला नाही. सातला बाळ झोपतं असं तू म्हणाली होतीस, म्हणून साडेआठचा केलाय.

तुझा,
आबा