आधी दादाशी बोल

चि. बाळू यास,
प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तरुण संघाचा शास्त्राभ्यास पाळकसाहेबांनी तुझ्यावर सोपवला हे वाचून ऊर भरून आला. ‘शिष्यत्व’ या विषयावर मुद्दे काढून पाठव म्हणतोस, तर पाठवते. पण त्याच पत्राच्या शेवटी दोन ओळींत तू लिहिलंयस की बाबांच्या आजारपणाच्या खर्चावरून दादाशी वाजलं आणि तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे. मला विचारशील तर तुझा अभ्यास त्या दोन ओळींपासूनच सुरू होतो.

बायबलमध्ये मत्तय ५:२३-२४ काढ. एक माणूस अर्पण घेऊन वेदीपाशी आलाय आणि तिथे त्याला आठवतं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. येशू म्हणतो, अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. हे बोलणं चाललंय गालीलात. ऐकणाऱ्यांसाठी वेदी म्हणजे यरुशलेमचं मंदिर, शंभराहून जास्त किलोमीटर लांब, पायी काही दिवसांची वाट. अर्पण तिथे ठेवून घरी यायचं, भावाला भेटायचं आणि पुन्हा तेवढी पायपीट करायची! ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असेल. आणि चूक कोणाची, हे येशू विचारतच नाही. राग भावाच्या मनात असला तरी उठून जायचं आपण. तुझा दादा तर वरच्या मजल्यावर राहतो.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण तुझी मोठी बहीण मी नाही बोलणार तर कोण बोलणार. प्रार्थना गटात तू हा ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मांडलास. सगळ्यांनी डोळे मिटून दादासाठी प्रार्थना केली, प्रभू त्याचं मन मऊ करो म्हणून. बाळू, दादाविषयीचं तुझं गाऱ्हाणं त्याच्या आधी बाकी सगळ्यांना कळलं. मत्तय १८:१५-१७ मध्ये क्रम सरळ सांगितलाय. आधी त्याला एकट्याला गाठ, तुम्ही दोघंच. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घे, आणि त्यानंतर मंडळी, म्हणजे सगळं चर्च. आपल्या लोकांत हा क्रम सर्रास उलटा चालतो. मंडळीला आधी कळतं, नातेवाइकांना नंतर, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय त्याला सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याच्या तोंडून. प्रार्थना करायचीच तर दार लावून एकट्याने कर, आणि दादाइतकीच स्वतःसाठीही कर.

त्याच अध्यायात पुढे येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? येशूचं साताच्या सत्तरपटीचं उत्तर आपल्याला पाठ आहे, पण त्यामागून आलेला दाखला आपण घाईत वाचतो. राजाने चाकराला माफ केलेलं कर्ज दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, म्हणजे सगळं मिळून सहा कोटी दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आपण लगेच म्हणतो, एवढ्याशा रकमेसाठी! पण शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून जास्त कमाई. ती बुडाली तर गरिबाचं घर हलतं. तुझं झालेलं नुकसान काहीच नव्हतं, असं येशू म्हणत नाही. दादाने सगळ्यांसमोर तुला हिशेब विचारला, रात्र रात्र जागून केलेल्या सेवेचं नाव काढलं नाही, हे तुला लागलं आणि लागणारच. पण तुझ्या शंभर दिनारांच्या पाठीमागे देवाने तुला दिलेली सहा कोटींची माफी उभी आहे. दादाकडे जाशील तेव्हा दोन्ही आकडे मनात ठेव. नुसते शंभर धरून गेलास तर पुन्हा भांडण होईल.

माझ्या कामाविषयी विचारलंस. इथे वृद्धाश्रमात माझी अजूनही रात्रपाळीच आहे. मधुमेह असलेल्यांचे पाय रोज बघावे लागतात. कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने पूर्ण कोरड्या करायच्या, मलम तळव्याला आणि टाचेला लावायचं, पण बेचक्यांत नाही, कारण तिथे ओल राहिली की कातडी कुजते. एक आजोबा आहेत, पायाला हात लावला की मला शिव्या देतात. त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले की योहानाचा तेरावा अध्याय हटकून आठवतो. येशूने ज्यांचे पाय धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता, तो जेवणावरून अजून उठून गेला नव्हता. त्याच्या मनात काय आहे हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याला वगळलं नाही. हे मला फार मोठं वाटतं. शुभवर्तमानात याहून कठीण जागा थोड्याच असतील.

आणि त्याच प्रसंगात पेत्र अडून बसतो की माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत. सेवा करून घेणंही शिष्याला शिकावं लागतं. बाबा तुझ्या हातून अंघोळ घालून घ्यायला नाखूश असतात म्हणतोस ना, त्यांना हा भाग वाचून दाखव. तू समजावलेलं त्यांच्या कानात शिरणार नाही, पण पेत्राचं ऐकतील कदाचित.

गेल्या महिन्यातली एक गोष्ट सांगते. आमच्या पाळीच्या मुख्य नर्सबाईंनी सफाई करणाऱ्या मुलीला सगळ्यांदेखत झापलं. नंतर कळलं की चूक त्या मुलीची नव्हती. दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना सगळे जमलेले असताना बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काल मी हिला तुमच्यासमोर बोलले, म्हणून माफीही तुमच्यासमोर मागते.” मग दोन्ही हातांनी तिचा हात धरला. ती मुलगी रडायलाच लागली. बाई ख्रिस्ती आहेत हे मला त्यानंतर कितीतरी दिवसांनी समजलं, तेही सहज बोलण्यातून. तरुण संघातल्या पोरांना हे जरूर सांग. त्यांना शिष्यत्व म्हटलं की उपदेश, उपास आणि गाणी आठवतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स यांनी वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात काम केलं, पुढे वहाणा दुरुस्त केल्या. भांड्यांच्या खडखडाटातही देव तितकाच जवळ असतो, असं ते सांगत. त्यांचंही नाव घे.

एक मात्र लक्षात ठेव. दादा लगेच विरघळेल असं नाही. पौल रोमकरांस लिहितो (१२:१८) की शक्य असेल तर, आपल्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीने राहा. आपल्याकडून होईल तितकंच, पुढचं तुझ्या हातात नाही. त्याने दार लावून घेतलं तर भांडू नको, काही दिवसांनी पुन्हा जा. आणि क्षमा करायची म्हणजे खर्चाचा प्रश्न गिळून टाकायचा, असंही नाही. औषधांच्या पावत्या सोबत ने, कोण किती भरणार ते शांतपणे ठरवा, कागदावर लिहा. वहिनींना मध्ये घालू नको, त्यांची दोन्हीकडून ओढाताण होते.

रविवारी उपासनेनंतर दादा घरीच असतो, तेव्हा जा. अभ्यास बुधवारी आहे ना, मग वेळ पुरेसा आहे. बाकीचे मुद्दे मी सोमवारी पाठवते.

दादाला मी या पत्राविषयी काहीही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांच्या टाचा रोज बघत जा.

तुझी,
ताई