फोनवर सांगता न आलेला सिनेमा

बुखारेस्ट,
रविवार दुपार

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

त्या दिवशी तुझा फोन स्पीकरवर होता, दाजी आणि मुलं जेवायला बसली होती, म्हणून मी "पत्रात लिहिते" एवढंच म्हणाले. विषय शरीराचा होता आणि तो मला आवाज बारीक करून, घाईघाईत उरकायचा नव्हता. शिवाय घरात हे नीट कळेल असं कुणी असेल तर ती तूच. आखडलेले खांदे, लुळे पडलेले हात, ऑपरेशननंतर स्वतःच्याच पायाला घाबरणारी माणसं तू फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज हाताळतेस.

इथल्या एका दिग्दर्शिकेबद्दल सांगायचंय. आदिना पिंतिलिए तिचं नाव. १९८० सालचा जन्म, बुखारेस्टचीच, आणि शिकलीही इथल्याच नाट्य-चित्रपट विद्यापीठात. २०१८ च्या फेब्रुवारीत तिच्या पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटाला, 'टच मी नॉट'ला, बर्लिन महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, सुवर्ण अस्वल. जर्मन दिग्दर्शक टॉम टिकवर परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता. हा निकाल फारच थोड्यांनी अपेक्षिला असेल, कारण त्याच महोत्सवात पत्रकारांसाठीच्या खेळातून लोक मधेच उठून गेले होते आणि काही समीक्षकांनी चित्रपटाला अक्षरशः झोडपलं होतं. इथल्या एका छोट्या थिएटरात मी तो पाहिला, ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर. तेव्हापासून तिचं बाकीचं जे जे मिळेल ते शोधून बघतेय, वाचतेय.

ती कुठून आली हे समजायला या देशातली, रुमानियातली, एक गोष्ट माहीत हवी. १९६६ साली कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनं ७७० क्रमांकाचा हुकूम काढला आणि गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या किंवा चार मुलं झालेल्या बायकांना तेवढी सूट होती, शिवाय वैद्यकीय कारणांसारखे मोजके अपवाद. गर्भनिरोधक साधनं बाजारात मिळेनात. पुढं ऐंशीच्या दशकात तर कारखान्यांतल्या बायकांची कामाच्या ठिकाणी तपासणी व्हायची, कोण गरोदर आहे ते सरकारला कळावं म्हणून. चोरून केलेल्या गर्भपातांत ९,००० हून जास्त बायका दगावल्याचं सांगतात. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि नव्या सरकारनं काही दिवसांतच हा हुकूम रद्द केला. म्हणजे आदिना नऊ वर्षांची होईपर्यंत तिच्या आईच्या, शेजारणींच्या, शाळेतल्या बाईंच्या पोटावर सरकारची नजर होती. माझ्या मैत्रिणीच्या घरी आजही या विषयावर कुणी बोलत नाही. तिची आई टीव्हीवर तसलं काही लागलं की उठून स्वयंपाकघरात जाते.

त्या काळाबद्दल इथं थेट चित्रपट झाले. क्रिस्तियान मुंजिऊच्या गर्भपातावरच्या चित्रपटाला २००७ साली फ्रान्सच्या कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो तू ऐकून असशील. आदिनानं मात्र तो इतिहास सांगितला नाही. माझा अंदाज असा, की तो ओसरल्यावर माणसांच्या अंगात काय उरतं, तिकडं ती बघत राहिली.

सुरुवात तिनं मनोरुग्णालयापासून केली. २००७ चा तिचा माहितीपट तिथल्या रुग्णांबरोबर केलेला आहे. तो लोकार्नो महोत्सवात दाखवला गेला. त्यात ती कुणाची कीव करत नाही आणि कुणाचा आजार समजावून सांगायलाही बसत नाही. २०१० मध्ये 'ऑक्सिजन' नावाचा मध्यम लांबीचा चित्रपट आला. ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या भरवशावर डॅन्यूब नदीतून देशाबाहेर निसटू बघणाऱ्या एका माणसाच्या खऱ्या प्रकरणावर तो बेतलाय. त्याच सुमारास ती इथल्या प्रायोगिक चित्रपट महोत्सवाची सूत्रंही सांभाळायला लागली होती. या सगळ्या वर्षांत जॉर्ज किपेर हा कॅमेरामन तिच्या सोबत आहे. २००८ चा एक लघुपट तर दोघांनी मिळून दिग्दर्शित केला, आणि 'टच मी नॉट'चा कॅमेराही त्याचाच.

आता त्या चित्रपटाकडं येते. तो करायला तिला सातेक वर्षं लागली, आणि पैसा पाच देशांतून गोळा करावा लागला: रुमानिया, जर्मनी, चेक प्रजासत्ताक, बल्गेरिया, फ्रान्स. लॉरा नावाची पन्नाशीची बाई आहे. तिला कुणाचा स्पर्श सहन होत नाही. तिचे वडील दवाखान्यात खाटेवर पडून आहेत, त्यांना ती भेटायला जाते. ही भूमिका लॉरा बेन्सन या अभिनेत्रीनं केलीय, पण कुठं अभिनय संपतो आणि कुठं तिचं स्वतःचं आयुष्य सुरू होतं, ते शेवटपर्यंत कळत नाही. सगळ्याच पात्रांचं तसं आहे. बरेचसे आपल्या खऱ्या नावानंच पडद्यावर येतात. शरीरविक्रय करणारी हाना हॉफमन ही ट्रान्स बाई लॉराला ब्राम्सचं संगीत ऐकवते आणि आपल्या शरीराबद्दल इतक्या मोकळेपणी बोलते, की ऐकताना आपलेच खांदे सैल पडतात.

ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले, तो भाग वेगळाच आहे. दवाखान्यासारख्या पांढऱ्याफेक खोलीत स्पर्शाची कार्यशाळा चाललीय. माणसं जोडीजोडीनं बसलीत आणि एकमेकांच्या चेहऱ्याला हात लावून काय वाटतं ते बोलतायत. एका जोडीत टोमास लमार्किस हा आइसलँडचा अभिनेता आहे. लहानपणीच्या आजारानं त्याच्या अंगावर एकही केस उरलेला नाही, भुवया आणि पापण्यासुद्धा नाहीत. त्याच्यासमोर ख्रिस्तियान बायरलाइन, जर्मनीतला अपंगांच्या हक्कांचा कार्यकर्ता. त्याला एसएमए आहे, ताई, स्नायू दुबळे करत नेणारा तो आनुवंशिक आजार. तुझ्याकडं येणाऱ्या त्या दोन मुलांना आहे तोच. चाकांच्या खुर्चीत बसलेला, हातपाय बारीक, ओठांतून लाळ येते. टोमास त्याच्या चेहऱ्यावर बोटं फिरवतो आणि मग खरं तेच सांगतो, की लाळेचा त्याला त्रास झाला, अवघडल्यासारखं झालं. ख्रिस्तियान ते शांतपणे ऐकून घेतो. दोघंही नजर वळवत नाहीत आणि कॅमेराही हलत नाही.

नंतर ख्रिस्तियान आपल्या शरीरातलं आपल्याला काय आवडतं ते सांगतो. डोळे. लांब केस. आणि आपलं लिंग, कारण ते इतर कुठल्याही पुरुषासारखंच काम करतं. हे तो इतक्या सहज म्हणतो की हसू येत नाही आणि संकोचही वाटत नाही. त्याची जोडीदार ग्रिट उलेमान चित्रपटात आहे, दोघांचं प्रेमही आहे. मला एकदम तुमच्या सेंटरमधला तो सतरा वर्षांचा मुलगा आठवला. त्याला आंघोळ कोण घालतं, कपडे कोण बदलतं, व्यायाम कधी, सगळं त्याच्यासमोर त्याला न विचारता ठरतं, असं तूच मला सांगितलं होतंस. त्याच्या अंगाला दिवसभर हात लागतात. त्यातला एकही त्यानं मागितलेला नसतो.

सिनेमात नागडेपणा भरपूर आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही. पण आदिनाचं खरं धाडस मला दुसरीकडं दिसलं. लॉराशी बोलताना तिनं कॅमेऱ्याच्या भिंगापुढं एक काच लावलीय. तिच्यात आदिनाचा चेहरा उमटतो, त्यामुळं लॉरा बोलते ती थेट तिच्या डोळ्यांत बघून. आणि मग एका टप्प्यावर आदिना उठते आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन बसते. आता प्रश्न तिला. उत्तर देताना ती चाचरते, घाबरते. दुसऱ्याला उघडं व्हायला सांगायचं आणि आपण अंधारात सुरक्षित राहायचं, हा दिग्दर्शकांचा जुना हक्क तिनं सोडून दिला. तिच्या आजवरच्या कामाचं सार मला विचारशील तर मी याच जागेवर बोट ठेवीन.

चित्रपट सगळा जमलाय असं नाही. टोमास त्याच्या जुन्या प्रेयसीच्या मागं मागं फिरतो तो भाग मला तुटक वाटला, आणि लैंगिक क्लबातले प्रसंग त्या कार्यशाळेच्या जवळपासही जात नाहीत. कधीकधी माणसं आपलं दुःख फार नीटनेटक्या वाक्यांत सांगतात. पण पोकळ, वरवरचा म्हणून ज्यांनी तो मोडीत काढला, त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे. लाळ पुसून न टाकता माणसाकडं बघत राहणं वरवरचं कसं असेल?

बर्लिनच्या पुरस्कारानंतर इथं गदारोळ झाला. चित्रपट अजून देशात लागलाही नव्हता, तरी देशाची अब्रू गेली म्हणून लोक ओरडत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच, असं राज्यघटनेत लिहावं का, यावर सार्वमत घेतलं गेलं. ३० टक्के मतदान लागत होतं, झालं २१ टक्क्यांच्या आसपास, आणि ते बारगळलं. कुणी कुणाला जवळ घ्यायचं हे सरकारनं ठरवायचं, याला हा देश थकला असावा असं माझ्या मैत्रिणीचं म्हणणं. मला ते पटतं.

हे ऐकताना आपल्याकडचं आठवल्याशिवाय कसं राहील? आपल्या मुलखात कुणी कुणाला शिवायचं हे जातीनं ठरवलं. सार्वजनिक तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. नाना लहानपणी आजोळी जे बघितलं ते सांगायचे, ते तुलाही आठवत असेल. म्हणून "हे परदेशी लोकांचे चोचले" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. स्पर्श नाकारला की माणसाचं काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असावं?

२०२२ मध्ये व्हेनिसच्या कला-बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, रुमानियाचं दालन आदिनाला मिळालं. तिथं तिनं हेच काम अनेक पडद्यांवर मांडलं. खुर्चीत बसून दोन तास बघायचं नाही, पडद्यांमधून चालायचं, थांबावंसं वाटेल तिथं थांबायचं. लॉरा, ख्रिस्तियान आणि ग्रिट त्यातही होते. पुरस्कार घेऊन ती पुढच्या विषयाकडं निघून गेली नाही, त्याच माणसांबरोबर राहिली. मला हे फार मोठं वाटतं, ताई. आजारी माणसांवर, अपंगांवर माहितीपट काढून परत कधी तोंड न दाखवणारे कमी नाहीत. तुमच्याच सेंटरला कॅमेरे घेऊन येऊन गेलेली ती मंडळी पुन्हा फिरकली का कधी?

चित्रपट तू बघावास अशी माझी फार इच्छा आहे. एकटीनं बघ, मुलं झोपल्यावर. दाजींना नंतर दाखव, त्यांना आवडेल असं मला मनापासून वाटतं. कार्यशाळेचा प्रसंग आला की थांबवून पुन्हा बघ आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून तुला काय वाटलं ते मला लिही. फोनवर नको, लिहूनच पाठव. मला नेमकं हे विचारायचंय: हात लावण्याआधी तुम्ही पेशंटला विचारता का, की वेळच नसतो? आणि त्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याच्या शरीरातलं काय आवडतं, हे कुणी कधी विचारलंय का? तू विचारलंस तर तो काय म्हणाला ते सांग, त्याची हरकत नसेल तरच.

इथं थंडी सुरू झालीय, पण हीटर चांगला आहे, काळजी करू नको. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? तिला जिने चढू देऊ नकोस. मेतकूट संपत आलंय, कुणी इकडं येणार असेल तर पाव किलो पाठव. दाजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
धाकटी